दोन ते तीनचा माझा तास

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक गोष्ट आहे. नवा माणूस आला की त्याला ती सांगतात. तिगावच्या एका बहिणीच्या हातून प्रार्थनेची साखळी तुटली, तिनं साऱ्यांसमोर गुडघे टेकले, अन् त्या दिवसापासून पांढुर्ण्यात जागृती आली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. ही गोष्ट मीच पसरवली. सौसर, लोधीखेडा, मोहगाव, जिथं बोलावलं तिथं जाऊन सांगितली. तिनं गुडघे टेकले ते खरं, जागृती आली तेही खरं. पण साखळी तिच्या हातून तुटली नव्हती. ती माझ्या हातून तुटली अन् मी खोटं बोललो.

मी शाळेत मास्तर होतो. साऱ्या नोकरीत घंटेला उशीर केला नाही, याचा मला मोठा तोरा. राग तर नाकाच्या शेंड्यावरच. मंडळीतल्या अर्ध्या लोकांनी लहानपणी माझ्या हातचा मार खाल्ला आहे, अन् आमचे पास्टरसुद्धा त्यातलेच. त्यामुळे मंडळीतही मला सारे गुरुजीच म्हणतात. गुरुजी म्हणाले म्हणजे झालं, पुढं कोणी विचारत नाही. मला ते आवडायचं. आता लिहिताना लाज वाटून राहिली, पण आवडायचं हे खरं आहे.

ही नऊ वर्षांआधीची गोष्ट. मंडळी थंडी पडली होती. रविवारी लोक यायचे, गाणी म्हणायचे, घरी जाऊन भांडायचे. दोघी जावा तर अशा होत्या की एक हॉलच्या या कोपऱ्यात बसायची, दुसरी त्या कोपऱ्यात, अन् प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकींकडं पाठ करून घ्यायच्या. पास्टर म्हणाले, गुरुजी, जागृतीसाठी काहीतरी केलं पाहिजे. मी म्हटलं, साखळी प्रार्थना करू. सात दिवस, दिवसरात्र, एकेकानं एकेक तास. ज्याचा त्यानं घरीच करायचा. अन् संध्याकाळपर्यंत साऱ्यांना उपास.

यादी मी केली, नियमही मीच केले. ज्याचा तास संपला त्यानं पुढच्याला मिसकॉल द्यायचा. घंटी वाजली की पुढच्यानं गुडघे टेकायचे. घंटी वाजल्याशिवाय कोणी सुरू करायचं नाही, हे मी दोनदा बजावून सांगितलं. एकाचं संपलं नाही तं दुसऱ्यानं सुरू करायचं, असा गोंधळ मला चालत नाही. देवाला चालला असता कदाचित, पण देवाला कोण विचारून राहिलं होतं? पहिल्या दिवशी मी उभा राहून भाषणच दिलं. ज्याच्या हातून साखळी तुटेल त्यानं समजावं का आपण सैतानाला घराचं दार उघडून दिलं, असं म्हणालो. बायाबापड्या घाबरून गेल्या. मला वाटलं, छान बोललो.

माझा तास दुपारी दोन ते तीन. माझ्यानंतर तीन ते चार तिगावची ती बाई. नवरा वारलेला, संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जायची, कापसाच्या दिवसांत कापूस वेचायची. एक पोरगी नववीत होती. त्या सात दिवसांसाठी बाईनं बगीच्यावाल्याला सांगून तीन ते चार सुट्टी मागून घेतली होती. तिच्यानंतर चार ते पाच सौसरचा मंडळीतला एक भाऊ, त्याचं सायकलचं दुकान.

चार दिवस साखळी एकदम बरोबर चालली. पाचव्या दिवशी माझ्या बायकोनं वांग्याची भाजी केली. तिला शुगर, तिला उपास नव्हता. त्या भाजीचा वास आला अन् मी म्हटलं, एक घास खातो, उपासाला काय होते त्यानं. एका घासाच्या दोन भाकरी झाल्या. दोनला दहा मिनिटं कमी होती. म्हटलं, पाठ टेकवतो, घंटी वाजली की उठतो. फोन गोधडीखाली राहून गेला.

उठलो तं पावणेपाच झाले होते. बायको दारात उभी राहून माझ्याकडं पाहून राहिली होती. तिला वाटलं होतं, मी उठून प्रार्थना करून परत लवंडलो. माझं तोंड पाहून तिला समजलं. फोनवर दोन मिसकॉल होते. एक दोन वाजताचा, माझ्या आधीच्याचा. दुसरा साडेचारचा, सौसरच्या भावाचा.

तेव्हाच मी फोन उचलून सांगितलं असतं का बाबा, मी झोपलो, माफ करा, तं काय झालं असतं? लोक हसले असते. एखाद्यानं म्हटलं असतं, चला, गुरुजींच्या घंटेलाही एकदा उशीर झाला. एवढंच. पण मला ते हसणं ऐकू येऊन राहिलं होतं, अन् सैतानाच्या दाराचं माझं भाषणही ऐकू येऊन राहिलं होतं. मी तोंड धुतलं, कपडे बदलले अन् कोणालाच फोन केला नाही.

संध्याकाळी सहाला सारे हॉलमध्ये जमले. सौसरचा भाऊ पहिलेच उठला. "चार वाजेपासून फोन घेऊन बसलो होतो, पास्टर, मिसकॉलच नाही आला. गुरुजींना लावला, त्यांनी उचलला नाही. म्हटलं प्रार्थनेत असतीन." पास्टरनं माझ्याकडं पाहिलं. जाब विचारल्यासारखं नाही, शाळेत मला पाहायचे तसंच, आदरानं.

मी म्हटलं, "मी तं ठीक तीनला दिला होता."

किती आरामात म्हटलं मी ते. आवाजही हलला नाही. "ठीक" हा शब्द तं मी मुद्दाम घातला होता. बायको बायांमध्ये बसली होती, तिनं मान खाली घातली. साऱ्यांच्या नजरा मागच्या सतरंजीकडं वळल्या, तिगावच्या बाईकडं. कोणीतरी म्हणालं, बगीच्यात असन, आवाज नाही आला असन. दुसऱ्यानं म्हटलं, तिले फोनातलं काय समजते. तिची पोरगी बाजूलाच बसली होती, ती लालेलाल झाली. "आई तं घरीच होती ना," असं काहीतरी बोलली. तिला कोणी बोलू दिलं नाही.

बाई उठली. बगीच्यातून आलेली, लुगड्याला संत्र्याच्या पानांचा वास. ती म्हणाली, "माहा तीन ते चारचा घंटा वाया गेला जी. देवानं मले देल्ला अन् मी तो वाया घातला. मले माफ करा." अन् तिनं तिथंच गुडघे टेकले, कपाळ सतरंजीला लावलं अन् रडायला लागली. देखाव्याचं रडणं नव्हतं ते. दम लागत होता तिला.

मग या कोपऱ्यातली जाऊ उठली, सारा हॉल ओलांडून त्या कोपऱ्यातल्या जावेपाशी गेली अन् तिचे पाय धरले. मग एका भावानं खिशातून तंबाखूच्या खर्र्याच्या तीन पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्याचं पाहून दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. टेबलावर ढीग झाला पुड्यांचा, कोणी हसलं नाही. एक जण उठून म्हणाला का मी शेजाऱ्याच्या वाफ्याचं पाणी फोडून माझ्या वाफ्यात घेतलं, तीन वर्षं घेऊन राहिलो. शेजारी तिथंच बसला होता. पास्टर स्वतः जमिनीवर पालथे पडून रडून राहिले होते. ज्या जागृतीसाठी आम्ही साखळी लावली होती ती माझ्या डोळ्यांसमोर आली, अन् त्या हॉलमध्ये कोरडा असा मी एकटाच होतो.

मी डोळे मिटून घेतले अन् गाणं सुरू केलं. काहीतरी करणं भाग होतं. लोक म्हणाले, गुरुजींनी किती जोरात गाणं घेतलं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकर थापताना बायको म्हणाली, "खोटं बोलले म्हणून पोट्ट्यांच्या हातावर किती छड्या मारल्या तुम्ही." मी ताट सरकवून उठलो. आमच्या घरात त्यावर परत बोलणं झालं नाही. पण जिथं जिथं मी ती गोष्ट साक्ष म्हणून सांगायला उभा राहायचो, तिथून ती उठून बाहेर जायची. लोकांना वाटायचं, शुगरमुळे जात असेल.

मग मी आणखी एक काम केलं, ते खोट्यापेक्षाही वाईट. पुढच्या वर्षी परत साखळी लावली तेव्हा यादीत बाईला घेतलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पास्टरनं विचारलं तं म्हटलं, तिला फोनाचं जमत नाही, कायले तिला ताण द्यायचा? किती दया होती पाहा मला तिची. खरी गोष्ट अशी का तिचा नंबर यादीत लिहायला घेतला की माझा हात जड व्हायचा. ती दर वर्षी यादी लागली की समोर उभी राहून वाचायची, बोट फिरवत फिरवत, वरून खालपर्यंत. मग जाऊन बसायची. मी हे पाहत होतो. तरी नाही घेतलं तिला.

तिची पोरगी त्या संध्याकाळनंतर मंडळीत आली नाही. मी पास्टरला म्हणायचो, आजकालच्या पोरी, मोबाइलनं बिघडल्या. जीभ झडली कशी नाही माझी.

यंदा पास्टर म्हणाले, गुरुजी, मंडळीचा इतिहास लिहा, छापू. आता पांढुर्णा जिल्हा झाला, आपलंही काहीतरी असायला पाहिजे. मी लिहायला बसलो. सारं लिहून झालं, त्या संध्याकाळपाशी आलो अन् हात थांबला. तोंडानं शंभर वेळा सांगितलेलं, पण कागदावर ते खोटं उतरेना. तीन दिवस तसाच बसलो. बायको चहा ठेवून जायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जाऊन या तिगावला." मी म्हटलं, इतक्या वर्षांनी काय जाऊ. ती म्हणाली, "मी येऊ का संगं?" तेव्हा मला जास्तच लाज वाटली अन् मी एकटाच गेलो.

शनिवारची दुपार होती. बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती. मला पाहून गडबडीनं उठली, खुर्ची आणायला पोरीला आवाज दिला. पोरगी आता मोठी झाली, पांढुर्ण्यात मेडिकलच्या दुकानात कामाला जाते. तिनं खुर्ची आणून ठेवली अन् दारातच उभी राहिली. बसा म्हटलं नाही, नमस्कार केला नाही.

मी येताना सारं ठरवून आलो होतो, आधी हे बोलू, मग ते बोलू. तिथं काहीच आठवलं नाही. म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी झोपलो होतो. मिसकॉल दिलाच नव्हता मी."

"मालूम हाय जी," ती म्हणाली, अन् शेंगा सोलत राहिली.

पोरगी दारातून बोलली. "मी त्याच दिवशी घरी आल्यावर पाह्यलं, गुरुजी. हिच्या फोनमंदी तुमचा कॉलच नव्हता. मी म्हटलं, चाल, आताच पास्टरले दाखवू. इनं जाऊच नाही देल्लं."

"मग तुम्ही माफी काहून मागितली?" मी बाईला विचारलं. "माझ्यासाठी कायले सोसलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, जरा नवलानंच. "तुमच्यासाठी नाई जी," ती म्हणाली. "माहा घंटा होता तीन ते चार. मी मोबाइल हातात धरून बसली. म्हटलं, वाजन मग करीन, वाजन मग करीन. असे करता करता चार वाजून गेले. देव समोर बसून होता, गुरुजी, अन् मी तुमच्या घंटीची वाट पाहून राहिली होती. देवासंग बोलाले मी तुमाले विचारून राहिली होती. हे मले तथं समजलं, सारे पाहून राहिले होते तवा. त्याची माफी मागतली मी. तुमचं तुमच्यापाशी."

नऊ वर्षं मी समजत होतो का या बाईनं माझं ओझं उचललं. त्या विचारानं जीव जळायचा, पण त्यातही एक मोठेपणा होता माझा, माझ्यासाठी कोणी इतकं सोसलं याचा. आता समजलं का तिच्या त्या प्रार्थनेत मी कुठंच नव्हतो. ती खरोखरच आपल्या पापासाठी वाकली होती, अन् तेही पाप केवढंसं, माझ्याच नियमानं झालेलं. देव तिच्याकडं आला यात नवल नाही. मला बसल्या जागी जमिनीत जावंसं वाटलं.

"मले काई नाई पायजे," ती म्हणाली. "पन ही पोरगी येत नाई. मी किती सांगतलं, मानसाकडं पाहू नको. आइकत नाई."

"ज्या जागी आईले साऱ्यांसमोर खोटं पाडलं, तिथं मी कायले येऊ?" पोरगी म्हणाली. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "साऱ्यांसमोर साफ सांगान का तुम्ही? जसं आता सांगतलं तसं? तं उद्या येईन मी."

मी हो म्हटलं. बाईचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पोरीच्या तोंडून पहिल्यांदाच तिनं हे ऐकलं असेल. तिनं मला शेंगा बांधून दिल्या, नको नको म्हटलं तरी.

रविवारी सकाळी लवकर उठून मी कागदावर लिहून काढलं, काय बोलायचं ते. बायकोला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं अन् विचारलं, "यात झोपलो कुठं आहे?" मी म्हटलं, ते बोलताना सांगतो ना, सारंच लिहायचं असते का. ती पदर नीट करून तयार झाली.

हॉलमध्ये गेलो तं पोरगी आली होती. मागं, दाराजवळ, आईला लागून बसली. लोक वळून वळून पाहत होते. साक्षीची वेळ झाली तसा मी उठलो. म्हटलं, "भावांनो, बहिणींनो, नऊ वर्षांआधी साखळी तुटली, त्यात आपल्या तिगावच्या बहिणीचा काही दोष नव्हता. दोष माझा होता. मी तिच्यावर बोट ठेवलं. मला क्षमा करा."

इथं मी दम घ्यायला थांबलो. पुढचं यायचं होतं, मी झोपलो होतो अन् खोटं बोललो होतो, एवढंच. पण थांबलो, अन् तेवढ्यात पास्टर उठून माझ्यापाशी आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् लोकांना म्हणाले, "पाहा. बहिणीची चूक गुरुजी आपल्या अंगावर घेऊन राहिले. इतकं वय, इतका मान, अन् ही नम्रता. असं वाकलो तरच जागृती येते." हॉलमध्ये हालेलुया उठलं. एक म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली. सौसरचा भाऊ समोरच बसला होता, त्यानं हात जोडले.

नाही, असं नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? शब्द तोंडात होते. पण खरं सांगू का, ते ऐकायला मला गोड लागलं. नम्र म्हणवून घेणं मला इतकं गोड लागलं का मी एक श्वास थांबलो, मग आणखी एक. तोपर्यंत पास्टरनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती. माझ्यासारखा वडीलधारा माणूस मंडळीला दिला म्हणून देवाचे उपकार मानले. मी मान खाली घालून उभा होतो. शेवटी सारे आमेन म्हणाले. मीही म्हटलं.

डोळे उघडले तं दाराजवळची पोरीची जागा रिकामी होती. बाहेर तिची स्कुटी सुरू झाल्याचा आवाज आला अन् तो रस्त्यानं लांब गेला. तिची आई मागं वळली नाही. ती तिथंच बसून सरळ माझ्याकडं पाहून राहिली होती, अजूनही मी पुढचं बोलीन अशी वाट पाहत. पास्टर म्हणाले, गुरुजी, एक गाणं घ्या. मी पुस्तक उघडलं अन् गाण्याचा नंबर सांगितला.